होडीचें माप
(ज्युबिलीनिमित्त तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें होडीविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यापूर्वीं आमच्या धर्मग्रामांतील चार तरुण एक नकाशा घेऊन आमच्याकडे आले, आणि तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांतून गेला नाहीं. नकाशा परदेशी कॅनूचा होता. म्हणजे दोन्ही टोकांस निमुळती, वल्ह्यानें चालणारी हलकी होडी. लांबी १६ फूट, रुंदी ३६ इंच, स्वतःच्या वजनासह ४०० रत्तल भाराचा हिशेब. एकेक फुटावर साचे उभे करावयाचे व त्यांवर लांकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवीत जावयाचें. परंतु पडवी पुरेना, लांकडाचा खर्चही भारी. म्हणून सर्व मापें पाऊणपट करून १२ फुटांची होडी बांधावी, असा त्यांचा बेत. “फादर, प्रमाण तर तेंच राहतें ना?” त्यांनीं विचारलें.

प्रमाण तेंच राहतें हें खरें. पण होडी ती राहत नाहीं. लांबी, रुंदी व खोली तिन्ही पाऊणपट झाल्या कीं पोटाचें घनफळ चौसष्टांत सत्तावीस भागच उरतें. ४०० रत्तलांचे १६९ झाले! दोन धडधाकट मुलगे बसले कीं इतकें वजन केव्हांच ओलांडलें. त्याहून घातक गोष्ट कलंडण्याची. होडीचा उलथण्यास होणारा विरोध मुख्यतः तिच्या लांबीवर आणि रुंदीच्या घनावर अवलंबून असतो. पाऊण मापांत तो सुमारें तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मुलांचीं डोकीं व खांदे मात्र होते तितकेच मोठे. वसईच्या खाडींत ओहोटीची ओढ कशी असते, हें आपण जाणतांच. चौघांपैकीं एकास पोहतां येत नाहीं, हें तर आम्हांस मागाहून कळलें.

तरी आम्हीं त्यांस ‘बांधूं नका’ असें म्हटलें नाहीं. (सेमिनरींतल्या लॅटिनपेक्षां तेथलें गणित अधिक उपयोगीं पडेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें.) रुंदीस व साच्यांच्या आकारास हात लावूं नये, केवळ साच्यांमधील अंतर कमी करावें, तेंही सुमारें दहांत एक इतकेंच, अशी घरीं होड्या बांधणाऱ्यांची रीत आहे. १२ इंचांचें अंतर पावणेअकरा केलें कीं होडी १४ फूट ४ इंचांची होते आणि भार सुमारें ३६० रत्तल राहतो. टोकांकडील वळणें मात्र थोडीं आखूड होतात. म्हणून पहिली पट्टी चिकटविण्यापूर्वीं सर्व साच्यांवरून एक लवचीक काठी लावून पाहावी, आणि ती जेथें उचलली जाते तेथें तो साचा तासावा. पट्ट्यांची जाडी पाव इंच आहे, ती पाव इंचच ठेवावी. होडी लहान केली म्हणून खाडींतले दगड लहान होत नाहींत. नोहालाही तारवाचीं मापें नेमून दिलेलीं होतीं, ३०० हात लांब, ५० रुंद व ३० उंच. त्यानें तीं पाऊण केल्याचें आमच्या तरी वाचनांत नाहीं.

एकाच्या वडिलांनीं पडवीची कूड काढून जागा करून दिली आहे, व साचे उभे राहिले आहेत. होडी प्रथम उतरवावयाची ती कमरेएवढ्या पाण्यांत, माणसांऐवजीं वाळूचीं पोतीं घालून. कांठ पाण्यावर किती राहतो तें इंचांनीं मोजावयाचें. त्या दिवशीं मोजपट्टी आमच्या हातीं असेल.