अत्तिला, आर्पाद, इश्त्वान



इ.स. ४४९ मध्ये प्रिस्कस नावाचा लेखक पूर्व रोमन साम्राज्याच्या वकिलांबरोबर हूणांचा राजा अत्तिला याच्या भेटीला गेला. तिथल्या मेजवानीचं त्यानं लिहून ठेवलेलं वर्णन आजही वाचायला मिळतं. पाहुण्यांसमोर चांदीची ताटं होती, अत्तिलासमोर लाकडी थाळी; पाहुण्यांच्या हाती सोन्याचांदीचे पेले, त्याच्या हाती लाकडाचा. अंधार पडला, पलिते पेटले आणि दोन गायक राजासमोर येऊन त्याच्या विजयांवर स्वतः रचलेली गाणी म्हणू लागले. पोवाडेच म्हणा ना! कुणाला जुन्या लढाया आठवून स्फुरण चढलं आणि वयानं थकलेले योद्धे ढसाढसा रडले.

त्या गाण्यांचा एकही सूर उरलेला नाही. शत्रूंनी 'ईश्वराचा आसूड' म्हटलेल्या माणसापुढे त्याची स्वतःची माणसं कोणत्या चालीत गात होती, हे आता कधीच कळणार नाही. म्हणून साडेपंधराशे वर्षांनी एका संगीतकारानं त्याच अत्तिलाला सुरांत उभं केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यान व्हान देर रोस्ट हे बेल्जियमचे संगीतकार, जन्म १९५६चा. हंगेरीच्या ख्रिस्ती राज्याला हजार वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्तानं त्यांनी 'सिन्फोनिया हुंगारिका' रचली. तिचे भाग तीन: अत्तिला, आर्पाद, इश्त्वान. आर्पाद म्हणजे इ.स. ८९५च्या सुमारास मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, टोळ्यांना कार्पेथियन पर्वतांच्या कुशीत आणणारा नेता. इश्त्वान हा पहिला राजा. त्याच्या डोक्यावर मुकुट चढला तो इ.स. १०००च्या नाताळात किंवा १००१च्या पहिल्या दिवशी.

ही सिंफनी विंड बँडसाठी आहे. म्हणजे व्हायोलिनचा ताफा नाही. क्लॅरिनेट, बासऱ्या, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि पाठीशी तालवाद्यं. बँड म्हटलं की आपल्याला वरात आठवते किंवा पोलिसांचं संचलन. पण युरोपात गावोगावी असे बँड आहेत आणि त्यांच्यासाठी तासाभराच्या मैफलीत शोभेल असं गंभीर संगीत लिहिलं जातं. अत्तिलासाठी मला हाच मेळ योग्य वाटतो. व्हायोलिनचा सूर गजाच्या ओढीवर तरंगत राहू शकतो. इथे प्रत्येक सुरामागे कुणाची तरी छाती भरते आणि रिकामी होते. पहिल्या भागात खालच्या पट्टीतली पितळी वाद्यं आणि ढोल चाल करून येतात, तेव्हा पन्नास-साठ माणसांचा एकत्र श्वास अंगावर येतो. मध्ये हे वादळ निवळतं, आणि त्या शांततेतही धाक असतो.

आता खरा प्रश्न. अत्तिला मुळात हंगेरियन होता का? इतिहासकार असं मानत नाहीत. तो ४५३ मध्ये लग्नाच्या रात्री मेला आणि काही वर्षांतच त्याचं साम्राज्य विस्कटलं. आर्पादचे लोक आले ते चार शतकांहून अधिक काळानंतर. पण तेराव्या शतकात केझाच्या शिमोन या बखरकारानं हूण आणि मॅग्यार यांची एकच वंशकथा लिहिली, आणि रोमनांच्या उरात धडकी भरवणारा राजा एका देशाचा पूर्वज झाला. इटलीत आजही त्याचं नाव विध्वंसासाठी घेतात. हंगेरीत ते मुलांना ठेवतात.

कवी अत्तिला योझेफ (१९०५-१९३७) लहानपणी एका खेड्यात पोसायला दिला गेला होता. पालनकर्त्या कुटुंबानं सांगितलं, अत्तिला असं नावच नसतं, आणि ते त्याला 'पिश्ता' म्हणू लागले. पुढे पाठ्यपुस्तकात अत्तिला राजाच्या गोष्टी सापडल्या, तेव्हा त्या पोराला आपण खरंच आहोत असं वाटलं. आणि पिश्ता हे कशाचं लाडकं रूप? इश्त्वानचं! सिंफनीच्या पहिल्या आणि शेवटच्या भागांची नावं एका मुलाच्या अंगावर अशी येऊन आदळली होती.

व्हान देर रोस्ट यांचा विवेक मला रचनेच्या क्रमात दिसतो. जेत्याला त्यांनी सुरुवात दिली, शेवट दिला नाही. टाचेखालची भूमी, मग वसलेली भूमी, मग कायद्याखालची भूमी. पुष्कळ जण पहिला भाग ऐकतात, त्याच्या जोशानं भारावतात आणि थांबतात. तसं करू नका. एका बैठकीत तिन्ही भाग ऐका.

तिसऱ्या भागात हंगेरीच्या राष्ट्रगीताचे सूर येतात. फेरेन्त्स एर्केल यांची ती चाल १८४४ची, शब्द फेरेन्त्स कोल्चेई यांचे, १८२३चे. बँडला शब्द नसतात, आणि समारंभांतही सहसा पहिलंच कडवं गातात. दुसऱ्या कडव्यात मात्र ही भूमी ज्यांना लाभली त्यांना बेंदेगूझचं रक्त म्हटलं आहे. हंगेरियन परंपरेत बेंदेगूझ हे अत्तिलाच्या वडिलांचं नाव.