थांबण्याची पहिली शिकवण

१९३५ साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे सबंध देशाच्या नभोवाणीला मिळाले. नभोवाणीवर बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. त्याच्यापाशी असतो केवळ आवाज आणि त्या आवाजातले थांबे. कागदावर लिहिणाऱ्यापाशी तर आवाजही नसतो. थांबे तेवढे उरतात. त्यांनाच विरामचिन्हे म्हणतात.

म्हैसुरात मराठी बोलणारी घरे आहेत. काही जुनी, काही नोकरीच्या निमित्ताने आलेली. अशा घरातील सात-आठ वर्षांचे मूल आईशी मराठी बोलते, शाळेत कन्नड व इंग्रजी शिकते आणि पुढे हिंदीचीही ओळख करून घेते. कन्नड, इंग्रजी व मराठी या तिन्ही भाषांत वाक्य संपले की टिंब द्यायचे. हिंदीत मात्र उभा दंड. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे आजोबांना लिहिलेल्या मराठी पत्रात तो दंड हमखास येऊन उभा राहतो. घरातले कोणी वडीलधारे लाल पेन्सिलीने त्यावर काट मारतात. मुलाला एवढेच कळते की, आपले चुकले. का चुकले, हे कोणी सांगत नाही. अशी दोन-चार पत्रे लाल होऊन परत आली की पाचवे पत्र लिहिलेच जात नाही. परगावी वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे नुकसान टिंबाचे नसते, भाषेचे असते.

वस्तुतः त्या मुलाला सांगण्यासारखी गोष्ट मोठी रंजक आहे. आपल्या जुन्या पोथ्यांतही दंड होता. मोडी लिहिणारे तर आधी ओळभर रेघ ओढीत आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्द कोठे तुटतो, वाक्य कोठे संपते, हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात छापील मराठी गद्य वाढू लागले, तेव्हा इंग्रजी धर्तीची चिन्हे मराठीत रुजविण्याचे काम मेजर थॉमस कँडी यांनी केले. मोल्सवर्थ यांच्याबरोबर कोशाचे काम करणारे हेच कँडी. विरामचिन्हांवर त्यांनी मराठीत स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. म्हणजे टिंब ही मराठीची आणि दंड ही हिंदीची रीत. त्यांत एक शहाणी आणि दुसरी वेडी असे काही नाही. एवढे कळले की मूल दोन्ही रीती सहज सांभाळते, जसे ते दोन घरांचे रिवाज सांभाळते.

आता शिकवायचे कसे? दहा चिन्हांचा तक्ता भिंतीला टांगून नावे पाठ करून घेण्याची पद्धत सोपी खरी. परंतु तिने नावे येतात, चिन्हे येत नाहीत. आधी कान, मग डोळा, हा क्रम बरा. म्हैसूरच्या मुलाला दसऱ्याच्या मिरवणुकीहून जवळचे उदाहरण कोणते? ‘हत्ती आला’ हे दोनच शब्द तीन प्रकारे म्हणवून घ्यावेत. बातमी सांगितली, तर पूर्णविराम. शंका विचारली, तर प्रश्नचिन्ह. आनंदाने ओरडले, तर उद्गारचिन्ह. शब्द बदलले नाहीत, सूर बदलला. तो सूर कागदावर दाखवायला चिन्ह लागले. हे मुलाच्या ध्यानात आले की निम्मे काम झाले.

पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह पक्के झाल्यावर स्वल्पविराम घ्यावा. ‘गोपाळ मामा आला’ असे लिहून आले किती जण, बोलावले कोणाला, हे मुलाला विचारावे. गोपाळ नावाचा मामाच आला असेल, तर माणूस एक. ‘गोपाळ, मामा आला’ असे लिहिले, की गोपाळ ऐकणारा झाला आणि मामा येणारा. एका लहानशा चिन्हाने घरात माणूस वाढला! त्यानंतर देवराज मार्केटातील खरेदीची यादी करवावी: मोगरा, शेवंती, झेंडू आणि केळी. ‘आणि’ या शब्दाने जोडण्याचे काम केलेच आहे. म्हणून त्याच्याआधी येथे स्वल्पविरामाची गरज नाही.

मात्र कानावर सर्वस्वी विसंबूनही चालत नाही. मूल जेथे दम घेते, तेथे स्वल्पविराम देऊ लागते आणि कर्ता व क्रियापद यांची उगाच ताटातूट होते. तसेच ‘कोठे’, ‘कोण’ हे शब्द दिसले की ते प्रश्नचिन्ह टाकते. ‘तू कोठे गेला होतास ते मला ठाऊक आहे’ या वाक्यात विचारणे नाही, सांगणे आहे. म्हणून तेथे पूर्णविरामच हवा. अशा वेळी नियम ऐकवण्यापेक्षा ‘येथे कोणी काही विचारले का?’ असा प्रश्न करावा. उत्तर मूल स्वतःच देते. अर्धविराम, अपूर्णविराम यांची घाई नको. ज्या वयात वाक्ये लांब होतील, त्या वयात ती चिन्हे आपोआप लागतील.

१९६९ साली म्हैसुरातच भारतीय भाषा संस्थानाची स्थापना झाली. तिचे पहिले संचालक डॉ. देवीप्रसन्न पट्टनायक यांनी मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह सातत्याने धरला. त्या आग्रहाला घरात उतरविण्यास फार साधने लागत नाहीत. आजोबांचे उत्तर यावे आणि त्यात लाल खुणांऐवजी एक प्रश्न असावा, ‘हत्ती किती होते?’ त्या प्रश्नाखालचे टिंब आणि त्यावरचा बाक मूल नीट पाहते. कारण आता त्याला उत्तर द्यायचे असते.