घर हलते, माणसाचे काय?

(शिरवळ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वखुशीने घर बदलणारा माणूसही काही महिने अस्वस्थ असतो. मग ज्याला घर सोडण्यावाचून गत्यंतरच नव्हते, त्याची काय कथा? आपण नीरेच्या काठी जमलो आहोत. १९६५ साली पुऱ्या झालेल्या वीर धरणाचा जलाशय येथून जवळच आहे. त्याचे पाणी कालव्यांनी दूरवर गेले, रान हिरवे झाले. परंतु अशा प्रत्येक धरणाची किंमत कोणीतरी घर देऊन मोजलेली असते.

कोयनेचा दाखला घ्या. धरण १९६४ साली पुरे झाले. पुनर्वसनाचा राज्यव्यापी कायदा आला १९७६ साली. तोवर खोऱ्यातील माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली होती. नाचणी पिकवणारा, झऱ्याचे पाणी पिणारा डोंगरी माणूस कोरड्या सपाटीवर आला. भाऊबंद एका तालुक्यात, सोयरे दुसऱ्या जिल्ह्यात. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी शेजारीण उरली नाही, बाळंतिणीला ओळखीची सुईण उरली नाही. आपण साध्या शब्दांत म्हणतो, 'येथे मन लागत नाही.'

हा निव्वळ हळवेपणा नव्हे. झांबेझी नदीवरील करीबा धरणासाठी १९५०च्या दशकाअखेरीस सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना हलवण्यात आले. त्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे थेयर स्कडर सांगतात की, विस्थापनाचा ताण शरीर, मन आणि समाजजीवन या तिन्हींवर पडतो. बोस्टन शहरात वेस्ट एंड ही श्रमिकांची वस्ती पाडली गेली. तेथील कुटुंबांचे दुःख आप्ताच्या मृत्यूच्या शोकासारखे असल्याचे मार्क फ्रीड यांनी १९६३ साली दाखवून दिले.

अधिकारी म्हणतात, नव्या गावठाणात रस्ता आहे, शाळा आहे, वीज आहे. असायलाच हवी, ती मेहेरबानी नव्हे. पण भिंती मोजता येतात म्हणून त्या मोजायच्या आणि माणसांतले नाते मोजता येत नाही म्हणून सोडून द्यायचे, हा कसला हिशेब?

'आधी पुनर्वसन, मग धरण' ही धरणग्रस्तांची घोषणा म्हणूनच आरोग्याचीही घोषणा आहे. वाडी हलवायची तर अखंड हलवा. जमीन आणि पाणी आधी हाती द्या. स्थलांतरानंतर काही वर्षे म्हातारे, बाळंतिणी आणि मुले यांच्या प्रकृतीची नोंद ठेवा. घराचा ताबा दिला म्हणजे पुनर्वसन संपत नाही. माणूस त्या घरात रुजला, म्हणजे ते पुरे होते.