भंगाराच्या काट्यावरची रोकड

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर आधीच्या वक्त्यांनी भरपूर सांगितले आहे. आमच्या वाट्याला आलेला विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेतली काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. जुन्या मालाच्या खरेदीत रोख पैसे देण्यावर कायद्याने बंदी घालावी काय? युनियनला भंगाराशी काय घेणेदेणे, असे कुणालाही वाटेल. म्हणून आधी एका रात्रीची हकिगत सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही सिग्नल खात्यात. रात्री दीडच्या सुमारास सेक्शनमधले सिग्नल एकापाठोपाठ लाल झाले. केबल तुटली की सिग्नल लाल व्हावा, ही व्यवस्था मुद्दामच तशी केलेली आहे. बिघाड झाला तर गाडी थांबावी, पुढे जाऊ नये. प्रवासी म्हणतो, गाडी थांबली. आपले काम मात्र तिथून सुरू होते. स्टेशन मास्तरने लेखी अधिकारपत्र काढायचे, पॉइंट्समनने टॉर्च घेऊन चिखलातून पॉइंटपर्यंत जायचे, क्लॅम्प आणि कुलूप लावायचे, लोको पायलटने अंदाज घेत गाडी काढायची. एरवी यंत्र जे काम न चुकता करते, ते सगळे झोपमोड झालेल्या चार माणसांच्या डोक्यावर येते. त्या रात्री आमचा एक पॉइंट्समन शेजारच्या लाइनवर आलेल्या मालगाडीपासून हातभर अंतराने वाचला. पुढे दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

सकाळी पाहिले तर खड्डा खणलेला आणि चाळीसेक मीटर केबल गायब. मग तपास सुरू झाला. केबल कुठून जाते हे कुणाला ठाऊक? खात्यातल्या माणसांना. म्हणून आमच्या एका खलाशाला तीन दिवस चौकीवर बसवून ठेवले. त्याची बायको संध्याकाळी आमच्या घरी येऊन बसायची आणि एवढेच विचारायची, "भाऊ, यांनी काय केलंय ते तरी सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे काही आठवड्यांनी माल एका भंगाराच्या गोदामात सापडला. वरचे प्लास्टिक जाळून आतले तांबे निम्मेअर्धे मोकळे केलेले होते. गोदामवाल्याने जबाब दिला, "अनोळखी माणूस आला, वजन केले, नोटा दिल्या, तो गेला." चोर काही सापडला नाही. आमचा खलाशी सुटला, पण त्याच्या मागची कुजबुज त्याची बदली होईपर्यंत थांबली नाही.

बंधूंनो, चोर काही तांबे खात नाही. त्याला हवा असतो पैसा, आणि तांब्याचा पैसा होतो तो भंगाराच्या काट्यावर. आमच्या ओव्हरहेड वायरचा एक मीटर म्हणजे जवळजवळ एक किलो तांबे. बाहेर किलोला काही शे रुपये भाव. रेल्वेला तो एक मीटर परत घालायला ब्लॉक घ्यावा लागतो, टॉवर वॅगन न्यावी लागते, माणसे वर चढवावी लागतात, गाड्या तासन्‌तास अडतात. चोराला मिळते ते चिल्लर, नुकसान मात्र त्याच्या कितीतरी पट. आणि ती चिल्लर हातोहात रोख मिळते म्हणूनच तो पुन्हा येतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) कायदा आहे. रेल्वेचा चोरीचा असावा असा माल कुणाजवळ सापडला, तर तो सरळ मार्गाने आला हे त्यानेच सिद्ध करायचे, नाही तर पाच वर्षांपर्यंत कैद. ज्याच्या जागेत असा गुन्हा त्याच्या संमतीने चालतो तोही त्यात येतो. कायदा कडक आहे. पण तो लागू होण्यासाठी माल सापडावा लागतो, आणि सापडल्यावर तो रेल्वेचाच हे ओळखू यावे लागते. फिशप्लेटवर खूण असते. वितळलेल्या तांब्यावर कसली खूण?

मग पैशाच्या बाजूने धरावे म्हणाल, तर तिथे आपले कायदे मोठ्या रकमेकडे पाहतात. २०१७ साली आयकर कायद्यात कलम २६९ एसटी घातले गेले. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. त्याच वर्षी व्यापाऱ्याने एका माणसाला एका दिवसात रोख दिलेला खर्च हिशेबात धरण्याची मर्यादा वीस हजारांवरून दहा हजारांवर आली. पुढे १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर जीएसटीचे नवे नियम आले, नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर कर घेणाऱ्याने भरायचा. ही सगळी तजवीज कराच्या वसुलीसाठी आहे. सात-आठ किलो तांब्याची पिशवी दहा हजारांच्या आत सहज बसते. ती कुणी आणली, हे विचारण्याशी आयकर खात्याला कर्तव्य नाही.

हेच दुखणे इंग्लंडच्या रेल्वेला लागले होते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, इंग्रजी कायदे वाचण्याची आमची पोच नाही. मुलाला शेजारी बसवून समजून घेतले, ते सांगतो. २००३ साली तांब्याचा भाव टनाला दोन हजार डॉलरच्या आत होता, फेब्रुवारी २०११ मध्ये तो दहा हजारांच्या वर गेला. तिकडे रुळाकडेच्या केबल, चर्चच्या छपरावरचे शिशाचे पत्रे, युद्धस्मारकांवरच्या पितळी पाट्या, काहीही जागेवर राहीना. त्यांचा १९६४ चा भंगारवाल्यांचा कायदा होता. त्यात नोंदणी होती, रोखीला बंदी नव्हती. २०१२ च्या जानेवारीपासून इंग्लंडच्या ईशान्य भागात रेल्वे पोलिसांनी व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन एक प्रयोग केला. माल विकणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचे, एवढेच. मग ३ डिसेंबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये धातूचे भंगार रोख पैशाने विकत घेणे हाच गुन्हा ठरला. १ ऑक्टोबर २०१३ पासून नवा कायदा लागू झाला. नगरपालिकेचा परवाना घ्यायचा, विकणाऱ्याचे नाव-पत्ता कागदपत्रावरून पडताळायचा, पैसे चेकने किंवा बँकेतून द्यायचे, नोंदी तीन वर्षे जपून ठेवायच्या. स्कॉटलंडने हेच सप्टेंबर २०१६ पासून केले. फ्रान्सने तर २०११ मध्येच धातूच्या भंगाराची रोख खरेदी बंद केली होती.

यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली. २०१२ च्या बंदीत गल्लोगल्ली फिरून भंगार गोळा करणाऱ्यांना सूट होती. गरीब माणूस म्हणून दिली असेल. पण ते भगदाड ठरण्याची भीती होती, म्हणून २०१३ च्या कायद्याने सूट काढली आणि फिरत्या माणसासाठी वेगळा परवाना आणला. म्हणजे पोटाचा आणि चोरीचा प्रश्न कायद्यासमोर एकाच दारातून आला. आपल्याकडेही तो तसाच येणार आहे, हे लक्षात ठेवा.

फरक पडला काय? पडला. तिकडे धातूच्या चोऱ्या पुढची काही वर्षे घटत गेल्या. आता खरे बोलायचे तर त्याच काळात तांब्याचा भावही उतरला, जानेवारी २०१६ मध्ये तो पाच हजार डॉलरच्या खाली होता. भाव उतरला म्हणून चोऱ्या उतरल्या, असे कुणीही म्हणेल. पण त्यांच्या गृहखात्याने २०१५ साली अभ्यास केला आणि भावाचा परिणाम वजा करूनही उपायांचा गुण आल्याचा निष्कर्ष काढला. रोगी पूर्ण बरा झाला असे आम्ही म्हणत नाही. ताप उतरला.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याने २०११ साली असाच कायदा केला, पण जाळे फार मोठे टाकले. महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा जुना माल घेणारा-विकणारा तो जुन्या मालाचा व्यापारी, आणि त्याने रोखीने खरेदी करायची नाही. तांबे चोरणारा पकडायला निघाले आणि जुनी कपाटे, जुनी खेळणी घेणारा म्हाताराही जाळ्यात आला. उद्या आपल्याकडे असे काही झाले, तर जुनी सायकल विकणाऱ्या निवृत्त पोस्टमन काकांना चेकबुक शोधत बसावे लागेल. रद्दीवाला दारात येतो, चार किलो वर्तमानपत्रे तोलतो आणि वहिनींच्या हातावर पैसे ठेवतो. त्या पैशांवर कुणाची धाड पडावी असे आम्हाला वाटत नाही. वहिनींच्या बाजूने तर आम्ही संपावर जाऊ.

आणि पाठीवर पोते घेऊन फिरणारी बाई? तिचा दिवस रोखीवर चालतो. सकाळी वेचलेले दुपारी विकायचे आणि त्या पैशांत संध्याकाळचे पीठ आणायचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत काय झाले ते टपाल खात्यातल्या मंडळींना आम्ही सांगायला नको. काउंटरसमोरच्या रांगा तुम्ही झेलल्या आहेत. चलनातल्या किमतीचा ८६ टक्के भाग एका रात्रीत बाद झाला. काट्यावर द्यायला सुट्टे पैसे उरले नाहीत, तेव्हा वेचणाऱ्या बायकांचा माल पडून राहिला. आता मोबाइलवरून पैसे देता येतात म्हणतात. भंगारवाल्याच्या काट्याशेजारी क्यूआरचा कागद चिकटवलेला असतो हे खरे, पण तो पैसे घेण्यासाठी. त्या बाईला द्यायची वेळ आली की हात गल्ल्यातच जातो. तिच्याकडे फोन असेल, तर तो मुलाच्या हातात असतो.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती याच बायकांची. त्यांनी ओळखपत्रे मिळवली, स्वतःची पतसंस्था काढली. कुणीतरी चोर म्हणून बोट दाखवले तर ओळखपत्र पुढे करता येते, हा त्यांचा अनुभव आहे. आमच्या खलाशाकडेही ओळखपत्र होते, तरी त्याला बसवलेच, ती गोष्ट वेगळी.

म्हणून आमचे म्हणणे असे. रोखीवर बंधन हवे, पण ते जागा पाहून हवे. तांबे, पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि केबल, आणि ज्यावर रेल्वेची, वीज मंडळाची किंवा दूरसंचार खात्याची खूण आहे असा कुठलाही माल, याची रोख खरेदी बंद करावी. रक्कम शंभर रुपये असो की लाख. विकणाऱ्याचे नाव आणि फोटो वहीत घ्यावा. जबाबदारी गोदामवाल्याची आणि त्याच्यापुढच्या भट्टीवाल्याची. कागद, काच, प्लास्टिक, डबे यांना हात लावू नये. वेचणाऱ्या बाईच्या पोत्यात तांब्याची तार कधीमधी निघणारच. तेवढ्यासाठी तिला खाते हवे, आणि ते उघडायला बँकेच्या पायऱ्या चढायला लागू नयेत.

इथे टपालवाल्या बंधूंकडे वळतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर खाते उघडतो, पैसे देतो. या कायद्याचे ओझे पेलेल असे हेच एक जाळे खेड्यापर्यंत पोचलेले आहे. आम्ही हे बोलून दाखवले तेव्हा एका ग्रामीण डाक सेवकाने आम्हाला अडवले. म्हणाला, "दादा, टपाल वाटू, विमा काढू, खाती उघडू, आता भंगारही आमच्याच गळ्यात काय?" त्याचे चुकले नाही. नवे काम येणार असेल तर माणसे आणि मोबदला आधी ठरला पाहिजे. हे कलम आपल्या मागणीत आम्ही त्याच्याच शब्दांत घातले आहे.

मसुदा तयार आहे, पण तो घेऊन वर जायचे तर हातात नोंदी हव्यात. आजवर चोरीचा कागद आरपीएफकडे जातो, बिघाडाचा कागद कंट्रोलकडे जातो, आणि रात्री चिखलात कोण उतरले त्याचा कागदच नसतो. दाराशी टेबलावर एक साधा तक्ता ठेवला आहे. आपल्या सेक्शनमध्ये केबल, बाँड किंवा क्लिप चोरीला गेल्याची तारीख, गाड्या किती वेळ अडल्या, पॉइंटवर कुणाला जावे लागले, चौकशीला कुणाला बसवले आणि माल पुढे सापडला की नाही, एवढे लिहायचे. पॉइंट्समन आणि ट्रॅकमन बंधूंनी आधी भरा, सुपरवायझर मंडळींनी नंतर. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी आमचे सहचिटणीस पेन घेऊन बसलेले आहेत. चहा तिकडेच आहे.