नोंदवहीतील एक ओळ

(वस्तुसंग्रहालयांतील साहाय्यकांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



मी पुरातत्त्वज्ञ नव्हे. प्रसिद्धी खात्यातील माणूस. एका पुस्तिकेकरिता मला एका संग्रहालयातील मूर्तीची माहिती हवी होती. नोंदवहीत इतकेच आढळले : ‘पितळी मूर्ती, नग एक.’ कोठे सापडली, कोणी दिली, काहीच नाही. मूर्ती देखणी होती. परंतु तिच्याविषयी दोन वाक्येही मला लिहिता आली नाहीत.

याच्या उलट उदाहरण बडोद्याचे. १९५१ साली तेथे अकोटा येथे ६८ जैन धातुप्रतिमांचा निधी हाती लागला. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचे तपशीलवार वर्णन केले, आसनांवरील लेख वाचले, अक्षरांच्या वळणावरून व घडणीवरून काळ ठरविला आणि १९५९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत जीवंतस्वामींची प्रतिमा आहे. तीर्थंकराच्या मस्तकी मुकुट कसा, असा प्रश्न सहज पडतो. ही प्रतिमा दीक्षेपूर्वीच्या, राजपुत्र महावीरांची आहे. ‘मुकुटधारी पुरुष’ एवढीच नोंद झाली असती, तर हा अर्थ कपाटातच राहिला असता.

तेव्हा प्राप्तिस्थान प्रथम लिहावे. उंची आणि वजन मागाहूनही घेता येते, प्राप्तिस्थान एकदा विसरले की गेले. क्रमांक दर्शनी भागावर नको. तळाशी वार्निशचा पातळ थर देऊन त्यावर बारीक अक्षरांत घालावा, म्हणजे गरज पडल्यास काढता येतो. झिजलेले नाक, तुटलेले बोट लिहिण्यास संकोच करू नये. आपल्याला तो वस्तूचा कमीपणा वाटतो, पण ओळख पटविताना तीच खूण उपयोगी पडते.

नालंदा येथील संग्रहालयातून १९६१ साली १४ धातुमूर्ती चोरीस गेल्या. त्यांतील बाराव्या शतकातील एक बुद्धमूर्ती २०१८ साली युरोपातील एका कलाबाजारात दिसली. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर ती तीच असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी लंडनमध्ये ती भारताच्या स्वाधीन करण्यात आली. तब्बल ५७ वर्षांनी! ज्याने ते छायाचित्र काढून जपून ठेवले, त्याला याची कल्पनाही नसेल.

दुपारच्या सत्रात प्रत्येकास एक वस्तू व एक कोरे नोंदपत्र मिळेल. मापपट्टी धातूची नको, कापडी आणावी. आणि शाईचे पेन वस्तूपासून दूर ठेवून नोंद पेन्सिलीनेच करावी.