रस्ता झाला, गाडी कधी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



रस्त्यांवर बोला असा निरोप आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा तर इंजिनियरांचा विषय. मग आठवलं, महाराष्ट्रातले कितीतरी रस्ते बायकांच्याच हातचे आहेत. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारने कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडायची, डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायच्या, पोर झाडाखाली झोळीत. त्यानंतर रोजगार हमीचा कायदा झाला, तो १९७९ पासून लागू झाला. शहरातले पगारदार त्यासाठी व्यवसाय कर भरायचे. म्हणजे ही सरकारी गुंतवणूकच होती. पण तिला म्हणायचे दुष्काळी काम. ‘पायाभूत सुविधा’ हा भारदस्त शब्द नंतर आला, मोठ्या कंत्राटदारांच्या सोबतीने.

आता समृद्धी महामार्ग बघा. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, खर्च पंचावन्न हजार कोटींहून जास्त. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा. माल लवकर पोहोचतो, त्यातून व्यापार वाढतो, हे मी नाकारत नाही. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, पायी तर जाताच येत नाही. ज्या बाईचं शेत त्याला लागून आहे, तिच्या दृष्टीने तो रस्ता नाहीच, ते कुंपण आहे. आणि जमिनीचा मोबदला गेला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याकडे. तिथे आपल्यातल्या किती जणींची नावं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको.

असा रस्ता फायद्याचा, हे ठरवतात कसं? वाचलेलं इंधन मोजतात आणि वाचलेला वेळ मोजतात. वेळेला भाव लावतात तो साधारणपणे प्रवाशाच्या मिळकतीवरून. कामासाठी निघालेल्या मोटारवाल्याचा तास महाग, बिनकामाच्या प्रवासाचा तास स्वस्त. आणि ‘बिनकामाचा’ म्हणजे कोणता? आजारी सासूला दवाखान्यात नेणं, रेशन आणणं, पोराला शाळेत सोडणं! २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. त्या २९९ मिनिटांना मजुरी नाही, मग त्यासाठीच्या पायपिटीला भाव कुठून येणार? हिशेबात चूक नाही हो, हिशेब कुणाला धरून मांडलाय ते बघा.

नुसत्या रस्त्याने काय होतं, हेही तपासलं गेलंय. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांवर अ‍ॅशर आणि नोवोसाद या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. रस्ता आल्यावर शेतीबाहेरच्या कामाला जाणारे वाढले, पण गावातली मिळकत आणि मालमत्ता फारशी हलली नाही. मला यात नवल वाटलं नाही. डांबर पडलं तरी त्यावरून जायला काहीतरी हवं. घरात एक मोटारसायकल असते, ती कोण घेऊन जातं?

आपल्यासाठी वाहन म्हणजे एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. म्हणजे जायचं होतं, पैसे अडत होते. ही सवलत खैरात आहे असं म्हणणाऱ्यांना विचारा, महामार्गावरचा खर्च खैरात का नाही? मात्र अर्ध्या तिकिटाला पूर्ण गाडी लागते. संध्याकाळची फेरी बंद पडली की पहिल्यांदा मुलीचं कॉलेज सुटतं. मुलगा कुणाच्या तरी मागे बसून येतो.

शहरातही तेच. मुंबईत किनारी रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला, त्याला तेरा हजार कोटींवर खर्च. मे २०२५ मध्ये बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं गणित पाच रुपयांनी बिघडतं, कारण ती दिवसात एकदा नाही, तीन-चारदा चढते-उतरते.

तेव्हा प्रत्येक गटाने एक वही करा. गावातली कोणती बाई कुठे जाते, किती वाजता, कशाने, किती पैसे आणि किती वेळ जातो, आणि कुठे जायचं राहून गेलं. शेवटचा रकाना नीट भरा, तो कुठल्याच सरकारी तक्त्यात नसतो. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. त्याच्या महिनाभर आधी वह्या घेऊन आपण तालुक्याला जमू.