क्षीण आवाजाचे ध्वनिमुद्रण



गाझियाबाद येथे १९७४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा रडार तयार करणारा कारखाना उभा राहिला. दूरच्या विमानावर आदळून परतणारी रडारची लहर अत्यंत क्षीण असते. ती नुसती वाढवून भागत नाही, कारण तिच्याबरोबर खरखरही तितक्याच पटीने वाढते. लहर किती मोठी आहे यापेक्षा ती खरखरीहून किती वर उठते, हाच खरा प्रश्न असतो. घरी घेतलेल्या चित्रफितीत एखाद्या आजींचे बोलणे ऐकू येत नाही, तेव्हाही अडचण हीच असते. आवाज वाढवावा, तर डोक्यावरचा पंखाही तितकाच वाढतो. मध्येच एखादे दार आपटले असेल, तर वाढवण्याची मर्यादा तो एक आघातच ठरवतो. त्यापुढे आवाज फाटतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. मूळ प्रत जशीच्या तशी राखून दुसरीवर काम करावे. प्रथम सुमारे ८० हर्ट्झच्या खालची घरघर गाळावी; बोलणे समजण्यासाठी तिची गरज नसते. मग मोठे आघात दाबून लहानमोठ्या आवाजांतील अंतर कमी करावे आणि शेवटी एकूण पातळी उचलावी.

मात्र खरखर समूळ पुसण्याचा मोह आवरावा. ‘स’ हे व्यंजन मुळात खरखरीसारखेच असते. त्याचा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. संगणकाने तो पुसला, की ‘साठ’चे ‘आठ’ होतात. दुष्काळात गावातून साठ माणसे गेली, असे आजी सांगत असतील, तर ऐकणाऱ्याला आठच गेली असे वाटेल. ही दुरुस्ती नव्हे. ही साक्षच बदलणे होय.

खरा उपाय मुद्रणापूर्वीचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ३ मीटरवरचा मायक्रोफोन ३० सेंटीमीटरवर आणला, तर बोलणे २० डेसिबलने वर येते आणि पंख्याची घरघर जवळजवळ होती तेवढीच राहते. शक्य असल्यास पंखाही बंद करावा. आधी एक मिनिट मुद्रण करून ते हेडफोनवर ऐकावे आणि मगच पुढे जावे. यंत्र उद्याही मिळेल. आजी पुन्हा सांगतीलच, याचा भरवसा नसतो.